बियाणें तेंच, अळी निराळी



दहावीच्या वर्गांत उत्क्रांतीचा पाठ चालला असतां मागील बाकावरून एक प्रश्न आला. "सर, उत्क्रांतीस लक्षावधि वर्षें लागतात असें आपण म्हणतां. मग ती घडतांना पाहिली कोणीं?" प्रश्न चांगला होता, परंतु घंटा झाल्यामुळें उत्तर अर्धेंच राहिलें, तें येथें पुरें करतों. ज्यांनीं ती पाहिली अशा माणसांपैकीं एक गृहस्थ माझे मामा होत. यवतमाळ जिल्ह्यांत त्यांची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. आपण काय पाहत आहों हें मात्र त्यांना त्या वेळीं ठाऊक नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर, विज्ञान शिकविणाऱ्या त्यांच्या भाच्यासही तें उमजावयास बरेच दिवस लागले.

आपल्या नेऱ्याच्या शिवारांत भात पिकतो. माथेरानच्या डोंगरांतून येणाऱ्या गाढी नदीच्या कांठीं वाढणाऱ्या मुलांची कापसाशीं ओळख वात, गादी आणि सदरा एवढ्यापुरतीच. तेव्हां आरंभीं त्या झाडाविषयीं दोन शब्द. कपाशी पावसाच्या तोंडीं पेरतात. दीड-दोन महिन्यांनीं तिला पात्या धरतात, पातीचें फूल होतें, फुलाचें बोंड होतें, आणि बोंड पिकून उकललें म्हणजे आंतून कापूस बाहेर येतो. या कापसाच्या पोटांत सरकी असते. विदर्भांतील शेतकऱ्याचें कर्ज, मुलीचें लग्न, मुलाची फी हें सर्व या बोंडावर अवलंबून असतें. आणि नेमकें याच बोंडावर एका अळीचेंही पोट अवलंबून आहे.

जुनीं माणसें तिला शेंदरी बोंडअळी म्हणत. हल्लीं गुलाबी बोंडअळी हें नांव अधिक रूढ आहे. तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८४३ मध्यें डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनीं प्रसिद्ध केलें, तें भडोचकडील कापसावर सांपडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही कोणी काल आलेली पाहुणी नव्हे. हिचा पतंग रात्रीं हिंडतो. अंड्यांतून निघालेली अळी दिसेल न दिसेल अशी बारीक असते, आणि थोड्याच वेळांत ती पातींत, फुलांत अगर कोंवळ्या बोंडांत शिरते. फुलांत शिरली तर पाकळ्या धाग्यांनीं जखडून टाकते आणि फूल उमलत नाहीं. अशा फुलास डोमकळी म्हणतात. बोंडांत शिरली तर मागचें भोंक बुजून जातें, आणि बाईसाहेब आंत बसून सरकी खातात. बाहेरून बोंड हिरवेंगार, निरोगी दिसतें. वरून कितीही औषध मारलें तरी तें आंत पोंचत नाहीं.

अशा अळीला मारावयाचें तर विष बोंडाच्या आंतच असलें पाहिजे. ही युक्ति एका जंतूवरून सुचली. १९०१ मध्यें इशिवाता या जपानी शास्त्रज्ञास मेलेल्या रेशमी किड्यांत एक जंतु आढळला. १९११ मध्यें बर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञानें पिठांतील पतंगाच्या अळ्यांत सांपडलेल्या तशाच जंतूचें वर्णन केलें व पुढें थुरिंगिया प्रांतावरून त्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस असें नांव दिलें. 'बीटी' हीं त्याच नांवाचीं आद्याक्षरें. हा जंतु एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यांतील पेशींवर कांहीं विशिष्ट जागा असतात. कुलुपांत किल्ली बसावी तसें हें प्रथिन तेथें बसतें, पेशी फुटतात, अळी खाणें सोडते व मरते. माणसाच्या अगर गुराच्या आतड्यांत तें कुलूप नाहीं. या प्रथिनाचें जनुक शास्त्रज्ञांनीं कपाशींत घातलें. भारतांत तशा बियाण्यास मार्च २००२ मध्यें परवानगी मिळाली, आणि २००६ मध्यें दोन निरनिराळीं प्रथिनें असलेलें दुसरें बियाणें आलें.

पहिलीं कांहीं वर्षें मामांच्या घरीं सुखाचीं गेलीं. २००२-०३ मध्यें देशांत कापसाच्या सुमारें १३६ लाख गांठी झाल्या होत्या. २०१३-१४ मध्यें त्या सुमारें ३९८ लाखांवर गेल्या. सगळें श्रेय बियाण्यास देणें बरोबर नाहीं, कारण पाऊस, पाणी, खतें यांचाही त्यांत वाटा होता. पण बोंडअळीसाठीं करावी लागणारी फवारणी पुष्कळ कमी झाली, हें मामा स्वतः सांगत. पंप गोठ्यांत खुंटीला टांगलेला मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. त्यावर कोळ्यानें जाळें विणलें होतें.

फवारे थांबले म्हणजे केवळ पैसा वाचतो असें नव्हे. शेतांत मावा असतो, तुडतुडे असतात, पांढरी माशी असते. आणि त्यांना खाणारे ढालकिडे, कोळी, जाळीदार पंखांचे नाजूक कीटकही असतात. विषारी फवारा शत्रुमित्र ओळखत नाहीं. चीनमध्यें १९९० पासून २०१० पर्यंतच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, बीटी कपाशीमुळें फवारे कमी झाल्यावर ढालकिडे व कोळी वाढले आणि मावा कमी झाला. एवढेंच नव्हे, तर शेजारच्या दुसऱ्या पिकांसही या रखवालदारांचा लाभ मिळाला. त्याच देशांत दुसरी बाजूही दिसली. ज्यांच्यावर बीटीचा परिणाम होत नाहीं असे मिरिड नांवाचे रस शोषणारे ढेकूण, पूर्वीं बोंडअळीच्या फवाऱ्यांत अनायासें मरत असत, ते माजले. म्हणजे एका अळीचें शेतांतील स्थान बदललें तर तिच्याशीं ज्यांचा प्रत्यक्ष संबंध नाहीं अशा दहा जीवांचें नशीब बदलतें.

आतां गोष्टीचा दुसरा भाग. मार्च २०१० मध्यें, ज्या कंपनीनें हें जनुक तयार केलें होतें तिनेंच जाहीर केलें कीं, गुजरातेंतील अमरेली, भावनगर, जुनागड व राजकोट या जिल्ह्यांत एका प्रथिनाच्या बियाण्यावर गुलाबी बोंडअळी जगूं लागली आहे. चार-पांच वर्षांत दोन प्रथिनांच्या बियाण्यावरही ती जगतांना दिसली. २०१७ मध्यें ती महाराष्ट्रांत सर्वत्र पसरली.

त्या वर्षींच्या नाताळच्या सुटींत मी मामांकडे गेलों. पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, बोंडांनीं लगडलेली. मीं आनंदानें त्यांचें अभिनंदन केलें. मामा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दहा बोंडें तोडलीं, माझ्या ओंजळींत घातलीं आणि म्हणाले, "फोडून पाह्य, मास्तर." दहांपैकीं सात बोंडांत अळी निघाली. सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला. "बियानंच खोटं निघालं औंदा," एवढेंच ते बोलले, आणि धुऱ्यावर जाऊन बसले.

गांवोगांव हेंच बोललें जात होतें. बाजारांत खोटें बियाणें असतें, हें मला मान्य आहे. परंतु त्या हंगामांत राज्यांत सुमारें ४२ लाख हेक्टरांवर कपाशी होती आणि तिच्या फार मोठ्या भागावर अळी पडली. एवढें सारें बियाणें खोटें कसें असेल? बियाणें तेंच होतें. अळी ती राहिली नव्हती.

अळी बदलली आणि तिच्यामागून सारेंच बदललें. खुंटीवरचा पंप खालीं आला. त्याच २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेंकडों लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्याचीं कारणें अनेक होतीं: डोक्याबरोबर वाढलेलें दाट पीक, दमट उष्मा, दोन-तीन विषें एकत्र कालवून मारण्याची पद्धति, अंगांत साधा सदरा व पायांत कांहीं नाहीं, आणि त्यांतच बियाण्यावरचा उडालेला विश्वास. मामांच्या शेतांत फवारणारा एक तरुण मजूर दोन दिवस डोळ्यांपुढें अंधारी येऊन पडून होता. तो वांचला. त्याची आई मात्र त्यानंतर मामांच्या दारावरून जातांना मान वळवी, हें मामांना अजून लागतें.

अळी बदलली म्हणजे नेमकें काय झालें? "तिला विषाची संवय झाली" असें लोक म्हणतात. तंबाखू खाणाऱ्यास तंबाखूची संवय होते तसें हें नव्हे. कोणतीही एक अळी आपल्या आयुष्यांत बदललेली नाहीं. लाखों अळ्यांत एखादीचें तें आतड्यांतील कुलूप जन्मतःच बिघडलेलें असतें. भारतांतील अशा अळ्या तपासल्या तेव्हां कॅडहेरिन नांवाचें जें प्रथिन कुलपाचें काम करतें तेंच मोडकें आढळलें; दुसऱ्या विषाच्या बाबतींत एबीसीए-२ या दुसऱ्या प्रथिनांत बिघाड निघाला. साध्या शेतांत असल्या बिघाडाचा अळीस कांहीं लाभ नाहीं. बीटी शेतांत मात्र किल्ली बसतच नाहीं, म्हणून बहिणी मरतात व ही उरते. उरते तिचीच संतति वाढते. मोडकें कुलूप हा येथें दोष राहत नाहीं, तोच तिचा वारसा होतो.

काळाचा हिशेब पाहा. या अळीच्या एका हंगामांत चार-सहा पिढ्या होतात. पांच धरल्या तर बारा वर्षांत साठ. माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची मानली तर साठ पिढ्या म्हणजे दीड हजार वर्षें. वेरूळचें कैलास लेणें खोदलें गेलें त्याच्याही मागें आपण जातों. आपल्या दृष्टीनें जें एका मुलाचें पहिलीपासून बारावीपर्यंतचें शिक्षण, तें अळीच्या दृष्टीनें इतिहासाचें एक युग. डार्विननें १८५९ मध्यें आपला ग्रंथ लिहिला तेव्हां हे फेरफार इतके मंद असतात कीं, चालू असतां ते दिसत नाहींत, असेंच त्यास वाटत होतें. या एका बाबतींत तो मोठा मनुष्य चुकला असें म्हणावें लागतें.

शास्त्रज्ञांना हा धोका आधींपासून ठाऊक होता, आणि उपायही त्यांनीं सांगितला होता. तो ऐकावयास चमत्कारिक वाटतो: शेताचा कांहीं भाग अळीसाठीं राखून ठेवा. नियम असा होता कीं, बीटी कपाशीच्या सभोंवतीं साध्या कपाशीच्या पांच ओळी, अगर एकूण क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तें लावावें. त्यासाठीं ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधें बियाणें निराळ्या पुडींत मिळे. या राखीव पट्ट्यांत साध्या अळ्या सुखानें वाढतात. बीटी कपाशींतून एखादा मोडक्या कुलुपाचा पतंग निघालाच, तर त्याची गांठ बहुधा पट्ट्यांतल्या असंख्य साध्या पतंगांपैकीं एकाशीं पडते. त्यांच्या संततीस एका पालकाकडून बिघडलेलें व दुसऱ्याकडून शाबूत जनुक मिळतें. एक जरी शाबूत असलें तरी कुलूप तयार होतें, आणि ती संतति बीटी बोंडांत मरते. पट्टा नसेल तर मोडक्याची गांठ मोडक्याशींच पडते, आणि सारें घराणें तसलेंच निपजतें.

ती १२० ग्रॅमची पुडी मामांच्या कोनाड्यांत पडून राही व पुढच्या दिवाळीला केरांत जाई. बहुतेकांच्या घरीं हेंच घडलें. याबद्दल शेतकऱ्यास दोष देणें शहरांत बसून सोपें आहे. सात एकरांपैकीं जवळजवळ दीड एकर अळीला द्या, त्याचें फळ दहा वर्षांनीं साऱ्या जिल्ह्यास मिळेल, असें कर्जांत असलेल्या माणसास सांगावयाचें, आणि तें कां करावयाचें हें नीट समजावूनही द्यावयाचें नाहीं! पुडीवर बारीक अक्षरांत सूचना छापली म्हणजे शिक्षण झालें, असें ज्यांना वाटलें त्यांचा यांत मोठा वाटा आहे. शिक्षक या नात्यानें मला तरी तसेंच वाटतें.

याच्या जोडीला फरदड आली. डिसेंबरांत वेचणी संपली तरी पाणी देऊन पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवावयाची आणि नव्या फुटव्यावरचा कापूस घ्यावयाचा, यास फरदड म्हणतात. शेतकऱ्यास तेवढाच चार पैशांचा आधार. पण अळीस वर्षाचा बराच काळ अन्न मिळालें, तिच्या पिढ्या वाढल्या, आणि प्रत्येक वाढीव पिढी त्याच चाळणींतून गेली. येथें कपाशीवरील दुसऱ्या एका अळीशीं तुलना करण्याजोगी आहे. हिरवी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असें वाटेल तें खाते. त्या पिकांत बीटीचें विष नाहीं. म्हणजे कोणीं न राखतां तिच्यासाठीं राखीव पट्टा सगळ्या शिवारभर पसरलेला असतो. तीच बीटी कपाशी, परंतु हिरवी अळी शेतांत तिच्यावर तशी मात करूं शकली नाहीं. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. कोण काय खातो, एवढ्या साध्या गोष्टीवर उत्क्रांतीचा वेग ठरला.

कोणी विचारील, दोन विषें असतांनाही अळी कशी जगली? याचें उत्तर आपल्या गांवांतच आहे. कुष्ठरोग निवारण समितीचें शांतिवन नेऱ्यांतील सर्वांस परिचित आहे. कुष्ठरोगावर १९४० नंतरच्या दशकांत डॅप्सोन हें औषध आलें आणि पुष्कळ वर्षें तें एकटेंच दिलें जाई. पुढें त्या औषधास न जुमानणारे जंतु उत्पन्न झाले. १९६४ मध्यें मलायांतील रुग्णांवरून हें सिद्ध झालें. म्हणून १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन हीं औषधें एकत्र देण्याची शिफारस केली. एकापासून निसटलेला जंतु दुसऱ्याच्या हातीं सांपडतो, आणि एकाच जंतूनें सर्वांपासून निसटावें असें क्वचितच घडतें. कपाशींत दोन विषें घालण्यामागें हाच विचार होता. पण दुसरें विष आलें तेव्हां पहिल्याचें बियाणें चार वर्षें शेतांत होतें, आणि पुढेंही तें शेजारीं शेजारीं पेरलें जात राहिलें. पहिलें कुलूप मोडलेल्या अळ्यांपुढें दुसरें विष एकटेंच उभें राहिलें. दोन शिपाई एकदम न पाठवितां एकामागून एक पाठविले, तसें झालें.

हे सर्व संबंध शेतांत इतके गुंतलेले असतात कीं, कोणतें कशामुळें घडलें हें वेगळें काढणें कठीण. म्हणून अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शास्त्रज्ञांनीं कांचेच्या भांड्यांतच एक लहानसें जग मांडलें. त्याचा वृत्तांत २००३ मध्यें प्रसिद्ध झाला. भांड्यांत हिरवें सूक्ष्म शेवाळ, आणि तें खाणारे रोटिफर नांवाचे सूक्ष्म जीव. शेवाळ एकाच वाणाचें असलें म्हणजे दोघांच्या संख्येचा पाळणा लवकर लवकर हाले: शेवाळ वाढलें कीं पाठोपाठ खाणारे वाढत, ते वाढले कीं शेवाळ घटे. शेवाळांत अनेक वाणें मिसळलीं म्हणजे मात्र खाल्लें जाण्यास कठीण असलेलें वाण मधल्या काळांत पुढें येई, आणि सारी लय पालटे. झोके लांबत, शेवाळाची भरती तेव्हां खाणाऱ्यांची ओहोटी असा उलटा प्रकार होई. खाणारे तेच, भांडें तेंच. खाद्य आंतून बदलत होतें, तेवढ्यानें दोघांचें नातें निराळें झालें. मामांच्या शेतांतही नातेंच बदललें होतें. फरक इतकाच कीं, तेथें खाणारा बदलला, आणि भांड्याच्या आंत माणसेंही होतीं.

हीच अळी अमेरिकेंतही होती. ॲरिझोना संस्थानांत १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तेथील शेतकऱ्यांनीं राखीव पट्टे पाळले. २००६ पासून त्यांत भर घालून प्रजोत्पादनास असमर्थ केलेले पतंग विमानांतून सोडण्यांत आले, जेणेंकरून निसटलेल्या पतंगास जोडीदार मिळूनही पिलें होऊं नयेत. ऑक्टोबर २०१८ मध्यें तो देश गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. चीनमध्यें यांगत्से नदीच्या खोऱ्यांत आणखी मौज झाली. शेतकरी संकरित बियाण्याचेंच घरचें दुसऱ्या पिढीचें बी पेरूं लागले. त्यांत सुमारें चौथा हिस्सा झाडें बीटीविरहित निघत. तो आपोआप मिसळलेला राखीव पट्टा ठरला, आणि वाढूं लागलेली प्रतिकारशक्ति पुन्हां उतरली. तेथें कोणीही नियम पाळण्यासाठीं हें केलें नव्हतें. बी स्वस्त पडतें म्हणून केलें होतें.

मामा आतां फरदड ठेवीत नाहींत. जूनपूर्वीं पेरीत नाहींत. डिसेंबर संपतांच पऱ्हाटी उपटतात, त्याआधीं शेवटच्या बोंडांवर मेंढ्या चरावयास सोडतात. पिकांत त्यांनीं कामगंध सापळे लावले आहेत. मादीच्या वासास भुलून नर पतंग त्यांत येऊन अडकतात. एका सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ-आठ पतंग आले म्हणजे फवारणीचा विचार करावयाचा, तोंपर्यंत पंपास हात लावावयाचा नाहीं, असा कृषिखात्याचा हिशेब आहे. हे पतंग रोज सकाळीं त्यांची नात मोजते. तिनें त्यासाठीं गणिताच्या वहीचीं मागचीं पानें घेतलीं आहेत, आणि गेल्या दिवाळीच्या सुटींत मी गेलों तेव्हां तिनें तीं मला दाखविलीं: तीन, पांच, चार, सात, सहा.